ग्रामदप्तराचे नवे कुलूप : संगणकातील वाचन-लेखनाचे अधिकार

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेजारी तालुके होत. शिरूर शहर घोडनदीच्या काठी वसले आहे. भीमेच्या काठचे दौंड रेल्वे जंक्शनमुळे सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही तालुक्यांत उसाचे मळे आहेत. शिरूरमध्ये रांजणगावची आणि दौंडमध्ये कुरकुंभची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून या भागात जमिनीच्या एकेका गुंठ्याला मोल आले आहे. जमिनीला मोल आले की जमिनीच्या कागदालाही येते. वारसाची नोंद, सामाईक हिश्शाची नोंद, विहिरीची नोंद यांतील एका अक्षराच्या फरकाने दोन भावांचे बोलणे बंद होते, हे गावकारभार पाहिलेल्या प्रत्येकास माहीत आहे.

पूर्वी हे कागद रुमालात बांधून ठेवले जात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदपत्रांची गणतीही रुमालांनीच केली जाते. रुमालाची गाठ, कपाटाचे कुलूप आणि कारकुनाच्या कमरेची किल्ली, एवढी दप्तराच्या सुरक्षिततेची सामग्री होती. आज चित्र बदलले आहे. २०११ च्या सुमारास आलेला ‘संग्राम’ प्रकल्प आणि त्यानंतरचे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ यांमुळे ग्रामपंचायतीत संगणक व संगणक परिचालक आले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शाळांमध्ये विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरली जाऊ लागली. दप्तर संगणकात गेले. मग त्याचे कुलूप कोठे आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि ते कुलूप कधी निकामी होऊ शकते, हे कारभाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे ठरते.

अधिकारांची मांडणी

संगणकातील सर्व कामांवर देखरेख ठेवणाऱ्या मूलभूत प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स आणि भ्रमणध्वनीवरील अँड्रॉइड ही तिची परिचित उदाहरणे होत. कोणती फाईल कोणी उघडावी आणि कोणी बदलावी, हे ठरवून तो निर्णय प्रत्येक वेळी अमलात आणणे, हे तिच्या अनेक कामांपैकी एक होय.

एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसे काम करू लागली, तेव्हा ही गरज निर्माण झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडविली. तिच्यातील व्यवस्था इतकी सुटसुटीत आहे की आजही ती जवळजवळ तशीच वापरात आहे. प्रत्येक फाईलीच्या संदर्भात माणसांचे तीन वर्ग मानले जातात : फाईलीचा मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. प्रत्येक वर्गाला तीन अधिकार देता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक नेमलेले आहेत. म्हणून ६४४ या आकड्याचा अर्थ असा की मालकाने वाचावे व लिहावे, गटाने आणि इतरांनी केवळ वाचावे. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही मोकळे. चावडीचे कुलूप काढून किल्ली वेशीवर टांगावी, तसाच हा प्रकार होय.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटी या प्रणालीने अधिक तपशीलवार पद्धत स्वीकारली. तीत प्रत्येक फाईलीबरोबर एक यादी असते आणि कोणत्या व्यक्तीस अथवा गटास कोणती मुभा आहे, हे त्या यादीत नोंदलेले असते. एखादी फाईल ज्या कप्प्यात असते, त्या कप्प्याचे नियम तिलाही सामान्यतः वारशाने लागू होतात. आज सरकारी कार्यालयांतील बहुसंख्य संगणकांवर ही पद्धत चालते.

वाचणे आणि लिहिणे हे दोन स्वतंत्र अधिकार आहेत, ही गोष्ट महसूल खात्याला नवी नाही. सातबारा कोणीही पाहावा, पण बदल करण्याचा अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांनाच असावा, हा जुनाच नियम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद तलाठी, म्हणजे आजचे ग्राम महसूल अधिकारी, घेतात. ती चावडीवर प्रसिद्ध होते, संबंधितांना सूचना जाते, हरकती मागविल्या जातात आणि मंडळ अधिकारी किंवा त्यांहून वरिष्ठ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात. नोंद घेणारा आणि ती कायम करणारा एकच असू नये, हे या तरतुदीचे मर्म आहे. संगणकशास्त्रातील अधिकार-विभागणीचे तत्त्वही हेच सांगते.

जुलै २०२१ : वाचण्याच्या अधिकारातील चूक

ही व्यवस्था कशी ढासळू शकते, याचे बोलके उदाहरण २०२१ साली जगापुढे आले. विंडोजमध्ये प्रणालीचा गाभा असलेल्या कप्प्यात काही अत्यंत गोपनीय फाईली असतात. त्यांपैकी ‘सॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाईलीत त्या संगणकावरील खात्यांच्या परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे साठविलेली असतात. ही फाईल प्रशासकाखेरीज कोणी वाचू नये, अशी अपेक्षा आहे.

जुलै २०२१ मध्ये योनास लिक्केगार्ड या संशोधकाच्या निदर्शनास आले की, ही फाईल वाचण्याची मुभा साध्या वापरकर्त्यांनाही मिळालेली आहे. ही चूक त्या दिवसाची नव्हती. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या उत्तरार्धापासून, ती कोट्यवधी संगणकांत बसलेली होती. ‘हाइव्ह नाइटमेअर’ आणि ‘सीरियस सॅम’ अशी दोन नावे तिला पडली. जागतिक नोंदीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३६९३४ असा आहे.

एवढी मोठी चूक अडीच-तीन वर्षे झाकून कशी राहिली? संगणक चालू असताना ‘सॅम’ फाईल सतत वापरात असते आणि वापरात असेपर्यंत प्रणाली ती दुसऱ्या कोणास उघडू देत नाही. एखाद्या कपाटाचे कुलूप बिघडलेले असावे, पण कारकून दिवसभर त्या कपाटासमोरच बसून असल्याने कोणाच्या लक्षात येऊ नये, तशी ही स्थिती होती. मात्र विंडोज अधूनमधून संपूर्ण डिस्कची एक प्रत आपल्यापाशी काढून ठेवते. बिघाड झाल्यास पूर्वस्थितीत परत जाता यावे, हा तिचा हेतू असतो. या प्रतीला छायाप्रत म्हणतात. झेरॉक्सच्या अर्थाने आपण हा शब्द वापरतो, तो येथे अभिप्रेत नाही. ही प्रत संगणकाच्या आतच राहते. छायाप्रतीतील ‘सॅम’ फाईल कोणाच्याही वापरात नसे. तिच्यासमोर कारकून बसलेला नव्हता, पण कुलूप मात्र तेच बिघडलेले होते. परिणामी संगणकावर साधे खाते असलेला कोणीही, किंवा त्या खात्यातून चालणारी कोणतीही घातक प्रणाली, छायाप्रतीच्या वाटेने ही फाईल वाचू शकत असे.

केवळ वाचण्याने काय बिघडते, असा प्रश्न येथे पडेल. परवलीचा शब्द संगणकात जसाच्या तसा ठेवलेला नसतो. त्यावर गणिती प्रक्रिया करून एक संकेत तयार केला जातो. उसाचा गूळ होतो, गुळाचा ऊस होत नाही. त्याचप्रमाणे या संकेतावरून मूळ शब्द सरळ काढता येत नाही. तथापि चोर उलट्या मार्गाने जातो. गावाचे नाव, मुलाचे नाव, जन्मसाल असे नेहमीचे शब्द घेऊन तो प्रत्येकाचा ‘गूळ’ करून पाहतो आणि चोरलेल्या संकेताशी ताडून बघतो. शब्द सोपा असेल तर तो लवकरच सापडतो. काही ठिकाणी तर मूळ शब्दाची गरजही पडत नाही, कारण चोरलेला संकेतच किल्लीचे काम करतो. प्रशासकाचा संकेत हाती आला की साधा वापरकर्ता प्रशासक बनतो. मग वाचणे, लिहिणे आणि पुसणे हे सर्वच त्याच्या हाती जाते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २० जुलै २०२१ रोजी ही त्रुटी मान्य केली आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी सुधारणा प्रसृत केली. त्या सुधारणेबरोबरची एक सूचना विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुधारणा बसविल्याने मूळ फाईलीवरील नियम दुरुस्त होई, परंतु आधी निघालेल्या छायाप्रती तशाच राहत. त्या स्वतंत्रपणे नष्ट करणे आवश्यक होते. ज्या कार्यालयाने पहिले काम केले आणि दुसरे केले नाही, त्याचे दार जुनी प्रत असेपर्यंत उघडेच राहिले.

मार्च २०२२ : वाचता येते म्हणून लिहिता आले

पुढच्याच वर्षी लिनक्सबाबत दुसरी घटना उघडकीस आली. जर्मनीतील मॅक्स केलरमन हे प्रणालीकार एका कंपनीत काम करीत. एप्रिल २०२१ मध्ये एका ग्राहकाने तक्रार केली की, संकेतस्थळाच्या भेटींची संकुचित करून ठेवलेली नोंद-फाईल उघडत नाही. फाईल दुरुस्त करून देण्यात आली. काही महिन्यांनी तशीच तक्रार पुन्हा आली, नंतर पुन्हा आली. केलरमन यांनी बिघडलेल्या फाईली एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक महिनाअखेरच्या दिवसांच्या निघाल्या. प्रत्येक फाईलीचा बिघाड शेवटच्या काही अक्षरांपुरताच होता आणि तो एकाच प्रकारचा होता. एखाद्या चोख हिशेबनिसाने ताळेबंदातील वारंवार येणाऱ्या एका पैशाच्या फरकाचा माग काढावा, त्या चिकाटीने त्यांनी शोध घेतला. दोष त्यांच्या कंपनीच्या प्रणालीत नव्हता, तर लिनक्सच्या गाभ्यातच होता.

लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीपासून हा दोष उपद्रवकारक झाला होता. फाईल वाचताना संगणक तिची प्रत स्मृतीत आणतो आणि पुढचे वाचन त्या प्रतीतूनच होते. ज्याला केवळ वाचण्याचा अधिकार आहे, त्यालाही या दोषामुळे स्मृतीतील त्या प्रतीत अक्षरे बदलता येत. ७ मार्च २०२२ रोजी ही माहिती ‘डर्टी पाइप’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७ असा आहे. प्रसिद्धीपूर्वीच गाभ्यात दुरुस्ती करण्यात आली होती. त्या वेळच्या काही नव्या अँड्रॉइड भ्रमणध्वनींतही हा दोष होता.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की एक समान सूत्र दिसते. पहिल्या घटनेत डिस्कवरील प्रतीतून गुपित बाहेर गेले, दुसऱ्या घटनेत स्मृतीतील प्रतीत फेरफार होऊ शकला. पहारा मूळ दस्तऐवजावर होता, धोका प्रतीच्या वाटेने आला. ग्रामदप्तराच्या दृष्टीने घ्यावयाचा धडा हाच आहे.

गावच्या कार्यालयाशी संबंध

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावच्या संगणकात अशी त्रुटी असली म्हणजे कोणीही सातबारा बदलू शकेल, असे नाही. अधिकार अभिलेखाची मूळ नोंद गावातील यंत्रावर नसते. ती मध्यवर्ती यंत्रणेत असते आणि तिच्यातील बदलास डिजिटल स्वाक्षरी व वरिष्ठांचे प्रमाणीकरण लागते. परंतु त्या मध्यवर्ती यंत्रणेत प्रवेश करणारी माणसे याच गावोगावच्या संगणकांवर बसतात. त्यांचे परवलीचे शब्द येथेच टंकले जातात. आणि मूळ नोंदीच्या असंख्य प्रतीही येथेच साठत जातात.

समजा, भीमाकाठच्या एखाद्या गावी पतीच्या निधनानंतर एक महिला वारसनोंदीसाठी येते. मृत्यूचा दाखला, शपथपत्र, आधारची प्रत, बँकेच्या पुस्तकाचे पहिले पान, हे सर्व स्कॅन होऊन संगणकात जाते. काम झाल्यावर मूळ कागद तिला परत मिळतात, प्रती मात्र संगणकाच्या दर्शनी पडद्यावर, एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये आणि भ्रमणध्वनीवरील संदेशात पडून राहतात. मूळ अर्ज ज्या काटेकोर नियमांखाली आहे, त्यांपैकी एकही नियम या प्रतींना लागू झालेला नसतो. उद्या त्या कागदांचा गैरवापर झाला तर त्या महिलेला तो कोठून झाला हे कळणारही नाही. शाळेतील जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील घराची आकारणी आणि लाभार्थ्यांच्या याद्या यांचीही हीच कथा आहे.

मोठ्या संस्थाही अशा संकटातून सुटत नाहीत. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक-यंत्रणेवर खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणाऱ्या घातक प्रणालीचा हल्ला झाला आणि कामकाज विस्कळीत झाले. रांजणगाव व कुरकुंभ येथील वसाहती याच महामंडळाच्या आहेत. या हल्ल्याचा वर वर्णिलेल्या त्रुटींशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण असा प्रसंग आल्यावर सुरक्षित ठेवलेली स्वतंत्र प्रत किती मोलाची ठरते, हे त्यावरून उमजते. प्रती नसाव्यात, असा याचा अर्थ नाही. ज्या प्रती आहेत त्या मोजलेल्या आणि राखलेल्या असाव्यात, एवढाच आग्रह आहे.

करावयाची कामे

पहिले काम खात्यांचे. एका संगणकावर तीन माणसे काम करीत असतील तर तीन स्वतंत्र खाती असावीत. दैनंदिन काम साध्या खात्यातून व्हावे. प्रशासकाचे खाते केवळ दुरुस्ती व नवी प्रणाली बसविण्यापुरते वापरावे. सर्वजण प्रशासकाच्याच खात्यात बसत असतील, तर चोराला कोणत्याही त्रुटीची गरजच उरत नाही. परवलीचा शब्द लिहिलेली चिठ्ठी पडद्याला चिकटविण्याची सवय सोडलीच पाहिजे.

दुसरे काम सुधारणांचे. सुधारणा बसविण्याची सूचना आली की ‘नंतर’ हे बटण दाबण्याकडे कल असतो. दाखल्यासाठी रांग लागलेली असताना ते स्वाभाविकही आहे. त्यासाठी आठवड्यातील एक ठरावीक वेळ राखून ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. जे संगणक अद्याप त्याच प्रणालीवर आहेत, त्यांची यादी करून पर्यायी व्यवस्थेची मागणी तालुका पातळीवर नोंदविणे अगत्याचे आहे.

तिसरे काम प्रतींचे. कार्यालयातील कोणत्या माहितीच्या प्रती कोठे आहेत, याची एक साधी नोंदवही ठेवावी. काम संपलेल्या स्कॅन प्रती अभिलेखाच्या नियमानुसार जतन कराव्यात किंवा पुसाव्यात, दर्शनी पडद्यावर ठेवू नयेत. आवश्यक माहितीची राखीव प्रत संगणकापासून वेगळी काढून कुलपात ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा तरी ती प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेली राखीव प्रत ही केवळ समजूत असते.

चौथे काम बदलीच्या वेळचे. कार्यभार सोपविताना खुर्च्या, कपाटे व शिक्के यांची यादी होते. तिच्यात संगणकावरील खात्यांचाही समावेश असावा. गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. डिजिटल स्वाक्षरी ही व्यक्तीची असते, पदाची नव्हे. ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

पाचवे काम संशयाच्या प्रसंगाचे. अनोळखी खाते दिसले, फाईली आपोआप बदलल्या अथवा उघडेनाशा झाल्या, तर घाईने काही पुसू नये. इंटरनेटची जोडणी काढावी, वेळ नोंदवावी आणि वरिष्ठांस कळवावे. अशा घटना समजल्यापासून सहा तासांच्या आत कळविण्याचे बंधन ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनी घातले आहे. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. अनधिकृतपणे संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली दंडनीय अपराध आहे.

सदस्य आणि शिक्षक

पंचायत सदस्यास संगणकाचे तांत्रिक ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. मासिक सभेत चार प्रश्न विचारले तरी पुरे : संगणकावर किती खाती आहेत? प्रशासकाचे खाते कोणाकडे आहे? शेवटची सुधारणा कधी बसविली? राखीव प्रत कोठे आहे आणि ती कधी उघडून पाहिली? उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली की पुढच्या सभेत त्यांचा पाठपुरावा करता येतो.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज मांडता येईल. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करीत शिकणे, हे त्या प्रयोगाचे सूत्र होय. त्याच धर्तीवर मुलांना एक वही, तीन गट आणि वाचणे-लिहिण्याचे परवाने देऊन खेळ मांडावा. मग त्या वहीची एक नक्कल बाकावर तशीच ठेवावी. परवाना नसलेला मुलगा नक्कल उचलून वाचू लागला की छायाप्रतीची त्रुटी म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टीममधील त्रुटी परदेशातील संशोधक शोधतात आणि कंपन्या दुरुस्त करतात. शिरूर-दौंडच्या कार्यालयात बसून त्या टाळता येणार नाहीत. पण दुरुस्ती बसली की नाही आणि जुनी प्रत उरली की नाही, हे पाहणे मात्र त्या कार्यालयाच्याच हाती असते. वारसनोंदीसाठी आलेली महिला खिडकीशी आपले कागद देते, तेव्हा ती संगणकाची पारख करीत नाही. ती कार्यालयावर विश्वास ठेवते. रुमालाची गाठ बांधणाऱ्या जुन्या दप्तरदारावर होता, तोच हा विश्वास आहे.